‘लई शहाणा झालास का बे?’ (अनुभव धागा)

आपल्या सोलापुरात ‘शहाणा’ ही शिवी आहे आणि ‘येडं हाय माझं’ हे कौतुक. म्हणून हा धागा. कुठली गोष्ट किंवा सिनेमा तुमच्या ‘आपण नॉर्मल’ या खात्रीला टोचून गेला? परीक्षण नको, स्वतःचं लिहा. सुरुवात मी करतो.

चेखवची ‘वॉर्ड नंबर सहा’, 1892 ची. गावातल्या दवाखान्याचा डॉक्टर रागिन. त्याला बोलण्यासारखा माणूस सापडतो तो वेड्यांच्या वॉर्डात. तो रोज तिथे जाऊन बसतो, तशी गावात कुजबुज सुरू होते. शेवटी जोडीदार डॉक्टर ‘एक पेशंट बघायचाय’ म्हणून त्याला तिथे नेतो, ‘आलोच’ म्हणून सटकतो, आणि पहारेकरी रागिनसाठी वॉर्डातला झगा घेऊन येतो.

इथे मी पुस्तक मिटलं. पक्की नोकरी सोडली तेव्हा मी अडतीसचा होतो. कारण विचारलं की सांगायचो, ‘सकाळी उठून तिथं जावंसं वाटत नाही.’ हे कारण घरात कुणाला कारणच वाटेना. एका गुरुवारी दादा म्हणाला, चल, अक्कलकोटला दर्शन घेऊन येऊ. गाडी थांबली ती सोलापुरातच, एका मानसोपचारतज्ज्ञाच्या दारात. आत बसलो तरी नारळाची पिशवी माझ्या मांडीवर तशीच. डॉक्टरांनी अर्धा तास बरंच काही विचारलं, मग दादाला आत बोलावून म्हणाले, ‘यांना झोप कमी पडलीय. नोकरीचं त्यांचं ते बघतील.’ मी सुटलो. रागिन दुसऱ्याच दिवशी मेला.

विडी घरकुलातून:
घरी तेलुगू, शाळेत मराठी. मंटोची ‘टोबा टेकसिंग’ मराठीतच वाचली. त्यातला वेड्यांच्या इस्पितळातला बिशनसिंग पंधरा वर्षं उभाच, पाय सुजलेत, बडबड कुणाला कळत नाही. आमचा मामा गिरणीत होता. गिरणी बंद पडली, भोंगा गेला, तरी पाळीच्या वेळेला तो शर्ट घालून, डबा घेऊन उंबऱ्यात उभा राहायचा. आम्ही पोरं हसायचो. आई विड्या वळता वळता एवढंच म्हणायची, ‘उभं राहू दे त्याला.’ गोष्ट वाचली त्या रात्री मी आईला विचारलं, डब्यात काय असायचं? म्हणाली, भाकरी आणि शेंगाचटणी. रोज भरून द्यायची ती.

जुळे सोलापूरहून:
जरा वेगळं लिहिते, राग मानू नका. वेड्यालाच सत्य दिसतं, बाकी जग झोपलंय, असल्या गोष्टींचा मला वीट आलाय. माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. त्याला सत्यबित्य दिसत नाही, शेजारी पाण्यात काहीतरी टाकतात असं दिसतं. रात्री नऊची गोळी चुकली की आठवडा जातो. म्हणून 2004 चा ‘देवराई’ मला पटला. अतुल कुलकर्णींच्या शेषइतकीच त्यात सोनाली कुलकर्णींची सीना आहे, भावाला जपता जपता थकणारी बहीण. मी थिएटरात रडले ती तिच्यासाठी. ‘अस्सल जगा’ म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्याकडे मुक्कामाला यावं.

होटगी रोडवरून:
आमचं हलकंच आहे. अकरावीत ‘कोसला’ वाचून सहा महिने प्रत्येक वाक्यात ‘उदाहरणार्थ’ घालून बोलत होतो. वडील म्हणाले, उदाहरणार्थ दळण आण. मनीच्या मरणाची पानं मात्र अजून सलग वाचता येत नाहीत.

परत मी, धागा सुरू करणारा:
जुळे सोलापूरच्या ताई, राग कसला? तुमचं वाचून रात्री दादाला फोन केला. इतकी वर्षं मी ती गोष्ट त्याने मला फसवलं म्हणूनच सांगत आलो. तो म्हणाला, ‘तू चार रात्री जिन्यात बसून होतास, ते लिहिलंस का?’ नव्हतं लिहिलं.

आणि कुणीतरी विचारलंय, नारळाचं काय झालं? वहिनीने चटणी केली. दादाने दोनदा मागून घेतली.