चुसोकची मांडणी आणि तडकणारे सोंगप्योन (जळगावातल्या सामानात)

केळीबाग:
राम राम मंडळी. कॉलेजच्या कार्यक्रमात कोरियन चुसोकला (शरद ऋतूतला सुगीचा सण) पूर्वजांपुढे मांडतात ते 'चारये' दाखवायचं आहे. बघायला कोरियन भाषा शिकणारी मुलं येतील, म्हणून चुका नकोत. 'लाल पूर्वेला, पांढरं पश्चिमेला' असा नियम आहे, पण हॉलमधलं टेबल आडवं-तिडवं आहे, फिरवायचं का? दुसरं, सोंगप्योन (पाइनच्या सुयांवर वाफवतात ते सारण भरलेले तांदळाचे अर्धचंद्र) वाफवताना तडकतात. पीठ दुकानातलं आहे. आणि पाइनच्या सुयांऐवजी काय वापरावं?

तापीकाठ:
टेबल राहू द्या. पूर्वजांच्या नावाचा कागद, म्हणजे 'जिबांग', जिकडे उभा करता ती बाजू उत्तर धरायची, मग खरी दिशा कुठलीही असो. नमस्कार करणाऱ्याचा उजवा हात पूर्व, डावा पश्चिम.

जुन्या पद्धतीत ओळी पाच. जिबांगजवळच्या ओळीत सोंगप्योन आणि दारूचा पेला, दुसरीत भाजलेलं मांस, मासे आणि 'जॉन' (पिठात घोळवून तव्यावर परतलेले काप), तिसरीत रस्से, चौथीत उकडलेल्या भाज्या, डावीकडे सुकवलेला मासा आणि उजवीकडे 'शिक्ये' हे तांदळाचं गोड पेय, शेवटी फळं. मासा पूर्वेला, मांस पश्चिमेला, माशाचं डोकं पूर्वेकडे. फळांत मात्र लोक अडकतात. 'खजूरबोर, चेस्टनट, नाशपाती, पर्सिमन' असा डावीकडून क्रम सांगणारा दुसरा नियम आहे. त्यात लाल खजूरबोर पश्चिमेला जातं, म्हणजे दोन्ही नियम एकत्र पाळताच येत नाहीत. घराघराची रीत वेगळी असते, तेव्हा एक धरा आणि कोणता धरला ते पाटीवर लिहा.

लाल तिखट आणि लसूण बंद. (खान्देशात हे ऐकून अर्धी मंडळी उठून जातील!) पीच ठेवत नाहीत, आणि गालची, सामची असे 'ची'ने संपणारे मासेही नाहीत.

खापरमांडे:
सोंगप्योनचं दुखणं पिठात आणि पाण्यात आहे. तांदळाच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. उकळतं पाणी घातलं की थोडा स्टार्च शिजतो आणि तोच गोळा धरून ठेवतो. कोमट पाण्यात मळलं तर तडा ठरलेला.

इंद्रायणी घ्या, बासमती किंवा कोलम नको, ते गार झाले की कडक होतात. अर्धा किलो तांदूळ 8 तास भिजवा, अर्धा तास निथळा, कापडावर टिपून मिक्सरमध्ये पाणी न घालता थोडे थोडे दळा आणि चाळा. दोन वाट्या ओल्या पिठाला पाव चमचा मीठ आणि 5-6 मोठे चमचे उकळतं पाणी, चमच्याचमच्याने. दुकानातलं कोरडं पीठ याहून बरंच जास्त पाणी पितं, म्हणून आकडा न बघता हात बघा: गोळी दाबली तर कडेला भेग पडू नये. दहा मिनिटं मळा, ओल्या फडक्याखाली ठेवा.

सारण: भाजून जाडसर कुटलेले तीळ 4 चमचे, साखर 2, मध 1. लिंबाहून लहान गोळीत अर्धा चमचा पुरे. मिटल्यावर मुठीत दोन-तीनदा दाबून आतली हवा काढा, मग अर्धचंद्र करा. हवा राहिली की वाफेत फुगून फुटतं.

सुया वासासाठी असतात आणि चिकटू नये म्हणूनही. वास मिळणार नाही, पण चिकटण्यावर आपल्याकडे केळीचं पान आहेच: विस्तवावर धरून मऊ करा, तेल लावा. 20 मिनिटं वाफ, 5 मिनिटं झाकून, मग गार पाण्यात बुडवून तीळतेल चोळा. ते तेल भाजलेल्या तिळाचं असतं. आपल्या घाण्याच्या तेलाला तो वास नाही.

सातपुडा:
एक भर. टेबल भरगच्च केलं म्हणजेच खरं, असं नाही. 2022 मध्ये सोलच्या सोंग्ग्युनग्वान या कन्फ्यूशियन संस्थेने नऊ पदार्थांची साधी मांडणी सुचवली आणि तळण-परतण करायलाच हवं असं नाही, हेही सांगितलं. वेळ कमी असेल तर तीच दाखवा. ट्टोकगुक (तांदळाच्या चकत्यांचं सूप) ठेवू नका, ते सोल्लालचं, म्हणजे चांद्र नववर्षाचं. चुसोक आठव्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेचा. 2025 मध्ये तो 6 ऑक्टोबरला, आपल्या कोजागिरीलाच आला होता.

केळीबाग:
आभारी आहे. नमस्कार किती, आणि हात कसे?

तापीकाठ:
पूर्वजांना दोन, हयात वडीलधाऱ्यांना एक. मुलांनी हे उलटं करू नये. पुरुषांचा डावा हात वर, बायकांचा उजवा. चारयेत दारू एकदाच ओततात, पुण्यतिथीला तीनदा. शेवटी जिबांग जाळतात, तेव्हा हॉलमध्ये पाण्याची परात जवळ ठेवा. आणि आपल्या आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगारीसारखंच, म्हणजे पितरांसाठी विस्तवावर टाकतात त्या घासासारखंच: पूर्वजांचं झाल्याशिवाय ताटातलं कोणी उचलायचं नाही.