कॉव्हेंट्रीत १,८०० पौंडांत जुनी गाडी: लॉगबुक 'पोस्टात' आहे म्हणतो, टोकन द्यावं का?

वृंदा_राजेंद्रनगर (इंदूर)

नमस्कार. मुलगा कामाच्या व्हिसावर इंग्लंडात कॉव्हेंट्रीला आहे. वय २४, जाऊन आठ महिने झाले. कामाची जागा गावाबाहेर, पाळी सकाळी सहाची, त्या वेळेला बस मिळत नाही. सगळं धरून १,८०० पौंड आहेत. लायसन्स इथलंच, २०१९ चं, एमपी-०९.

फेसबुकवर एक गाडी बघितली आहे: सुझुकी आल्टो, २०११, पेट्रोल, ७८ हजार मैल, १,३५० पौंड. विकणारा म्हणतो, पत्ता बदलल्यामुळे लॉगबुक पोस्टात आहे, आणखी तीन जण बघायला येणार आहेत, १५० पौंड टोकन पाठवलं तर गाडी राखून ठेवतो. भेट सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये.

टोकन द्यावं का? गाडीत नेमकं काय बघायचं? आणि इथल्या ओळखीच्या मिस्त्रीला व्हिडिओ कॉलवर दाखवून काही उपयोग होईल का?

गिअरदांडा

वृंदाताई, टोकन अजिबात देऊ नका. गाडी डोळ्यांनी बघितल्याशिवाय आणि लॉगबुक हातात घेतल्याशिवाय एक पौंडही जायला नको. तीन जण येणार असतील तर येऊ देत. या किमतीच्या छोट्या गाड्या तिथे रोज निघतात.

लॉगबुक म्हणजे व्ही-५-सी, आपल्या आरसीच्या जागी असलेला कागद. फरक एवढाच की त्यावर मालकाचं नाव नसतं, गाडी कोणाच्या ताब्यात नोंदलेली आहे ते असतं. म्हणून नुसत्या व्ही-५-सीवर मालकी सिद्ध होत नाही, खरेदीची पावती वेगळी लिहून घ्यायची. पत्ता पोस्टाने बदलला तर कागद खरंच डीव्हीएलएकडे, म्हणजे तिथल्या वाहन-नोंदणी कार्यालयाकडे जातो, त्यामुळे हा माणूस खोटंच बोलतोय असं मी म्हणणार नाही. पण मग कागद येईपर्यंत थांबायचं, आणि थांबायचं ते त्याने. कागदाशिवाय गाडी घेतली तर मुलाला व्ही-६२ अर्ज करावा लागेल, २५ पौंड फी, काही आठवडे वाट. एवढं करून गाडी चोरीची निघाली तर पैसेही गेले आणि गाडीही गेली.

कागद आला की त्यावर डीव्हीएल असा वॉटरमार्क उजेडात धरून बघायचा. वरचा अनुक्रमांकही बघायचा: बीजी ८२२९५०१ ते बीजी ९९९९०३० आणि बीआय २३०५५०१ ते बीआय २८००००० या मालिकांतले कोरे कागद चोरीला गेलेले आहेत, तो आकडा दिसला तर तिथूनच परत फिरायचं. मग चॅसिस नंबर काचेखाली, दाराच्या खांबावर आणि कागदावर एकच आहे का ते जुळवायचं. आणि भेट पार्किंगमध्ये नको. व्ही-५-सीवर जो पत्ता आहे त्याच घराच्या दारात गाडी बघायची. खरा विकणारा याला नाही म्हणत नाही.

त्याच्याही आधीचं काम इंदूरला बसून होतं, तेही फुकट. नंबरप्लेटचा आकडा सरकारी संकेतस्थळावर टाकला की गाडीचा सगळा एमओटी इतिहास दिसतो. एमओटी म्हणजे तीन वर्षांहून जुन्या गाडीची दरवर्षीची सक्तीची तपासणी. कधी पास, कधी नापास, किती मैल चालली होती, काय खराब होतं, सगळं ओळीने लिहिलेलं असतं. मैलांचा आकडा एखाद्या वर्षी मागे गेलेला दिसला तर मीटर फिरवलेलं असू शकतं. 'अॅडव्हायजरी' म्हणून जे लिहितात ते म्हणजे 'आत्ता पास केली, पण इकडे लक्ष द्या', आणि खरी गाडी त्यातच कळते. ते इथे टाका, वाचून सांगतो.

इतिहास स्वच्छ निघाला तर मग १०–२० पौंड देऊन खासगी हिस्टरी चेक करा. त्यात बाकी असलेलं कर्ज, चोरीची नोंद आणि विम्याने बाद केलेली गाडी कळते. कॅटेगरी एस म्हणजे सांगाड्याला मार लागून दुरुस्त झालेली. या बजेटात तिला हात लावू नये. कॅटेगरी एन मध्ये सांगाडा शाबूत असतो, पण पुढे विकताना भाव पडतो.

जुनी_इंजिनं (सुदामानगर)

मिस्त्रीला दाखवून उपयोग होईल, आणि या गाडीच्या बाबतीत तर जास्तच. २००९ ते २०१४ मध्ये इंग्लंडात विकलेली सुझुकी आल्टो म्हणजे आपली ए-स्टार. मारुतीच्या मानेसर कारखान्यातून बोटीने गेलेली. निसान पिक्सो नावाने विकली तीही हीच. इंजिन के-१०-बी, म्हणजे आपल्या आल्टो के-१० आणि वॅगन-आरचं. इंदूरच्या कुठल्याही मारुतीवाल्या मिस्त्रीच्या कानात त्याचा आवाज बसलेला असतो.

इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर चालवायला पट्टा नाही, टायमिंग चेन आहे, त्यामुळे पट्टा बदलायचा खर्च वाचतो. पण ऑइल वेळेवर बदललं नसेल तर चेन ढिली पडते आणि थंड इंजिन चालू करताना पहिले काही सेकंद खडखडते. म्हणून मुलाने विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवायचं की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटला हात लावायचा. गरम लागलं तर काहीतरी लपवायला गाडी आधी तापवली असं धरून चालायचं.

मिस्त्रीला वेळ देताना लक्षात ठेवा, तिकडे सकाळचे नऊ म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे दुपारचे अडीच, उन्हाळ्यात दीड. फोन इंजिनजवळ धरून स्टार्टचा आवाज ऐकवायचा, मग सायलेन्सरचा धूर दाखवायचा. थंडीत पांढरी वाफ येते, ती दोन-चार मिनिटांत थांबली तर चिंता नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गाडी तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि कूलंट कमी असेल तर हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं. ऑइलच्या झाकणाखाली साय जमल्यासारखं दिसलं तर लगेच घाबरू नका, तिथल्या थंडीत छोट्या फेऱ्यांमुळेही तसं होतं. डिपस्टिकवरही तशीच साय असेल तर मात्र नको.

क्लच आणि गिअरबॉक्स हातांनीच बघावे लागतात, कारण एमओटीत इंजिन, क्लच, गिअरबॉक्स यांची स्थिती तपासतच नाहीत. बरेच जण इथे चुकतात. चढावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबला, इंजिनचा आवाज वाढला पण गाडी पुढे ओढली नाही, तर क्लच प्लेट संपली. तिथे मजुरी महाग आहे, हे काम चारशे पौंडांच्या पुढे सहज जातं.

आपल्या मिस्त्रीला एकाच गोष्टीची सवय नसते, ती म्हणजे तिथला गंज. आपल्याकडे पत्रा वरून, दाराच्या कडेने सडतो. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे गाडी खालून खाल्ली जाते: ब्रेकचे लोखंडी पाइप, सबफ्रेम (इंजिन आणि चाकांचे भाग धरणारी खालची चौकट), दाराखालची पट्टी, मागच्या चाकाच्या कमानी. वरून रंग आरशासारखा आणि खाली पापुद्रे, असं होतं. मुलाला जमिनीवर आडवं होऊन टॉर्च लावून खालचा व्हिडिओ काढू द्या. जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र जायचं नाही.

टायर: सरकारी किमान खोली १.६ मिलिमीटर. २० पेन्सचं नाणं खाचेत उभं घातल्यावर त्याची बाहेरची कड दिसली तर टायर संपत आला. अलॉय चाकं असतील तर चोर-नटची (चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेल्या खास नटची) किल्ली गाडीत आहे ना ते बघा. ती नसेल तर पंक्चर झाल्यावर चाकच निघत नाही. बहुधा ती डिक्कीत स्टेपनीच्या खळग्यात किंवा ग्लोव्ह बॉक्समध्ये असते. दुसरी चावीही मागून घ्या.

चौथी_मार्गिका

सगळे गाडीबद्दल बोलले. मला काळजी वाटते ती लायसन्स आणि विम्याची, कारण तिथे गाडीपेक्षा विमा महाग पडू शकतो. आधी तारखा बघा. भारतीय लायसन्सवर ब्रिटनमध्ये राहायला आल्यापासून १२ महिनेच गाडी चालवता येते. ते तिथल्या लायसन्सशी बदलूनही मिळत नाही, कारण अदलाबदलीच्या यादीत भारत नाही. म्हणजे त्याच्याकडे चारच महिने उरले आहेत. आजच प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्सचा अर्ज करायला सांगा, ऑनलाइन ३४ पौंड. मग थिअरी २३ पौंड, प्रॅक्टिकल आठवड्याच्या दिवशी ६२ पौंड. प्रॅक्टिकलची तारीख मिळायला बऱ्याच ठिकाणी महिने लागतात, म्हणून थिअरी पास झाल्याच्या दिवशीच तारीख घ्यायची. बारा महिने संपले आणि परीक्षा झाली नसेल, तर शेजारी पक्क्या लायसन्सचा माणूस आणि एल-पाटी लावूनच चालवता येईल. सकाळी सहाच्या पाळीला असा माणूस रोज कोण मिळणार? खरं तर परीक्षा होईपर्यंत गाडी न घेणं हाही विचार करा.

तुम्ही इंदूरहून एक करू शकता. परिवहनच्या संकेतस्थळावरून त्याच्या लायसन्सचा तपशील काढून पाठवा, पहिल्यांदा दिल्याची तारीख दिसेल असा. विमावाले 'किती वर्षांपासून' हे विचारतात.

विम्याचं कोटेशन गाडी ठरवण्याआधी, नेमका गाडीचा नंबर टाकून काढायचं. २४ वर्षांचा मुलगा, परदेशी लायसन्स, तिथली नो-क्लेम वर्षं शून्य: वर्षाचा हप्ता गाडीच्या किमतीएवढा निघाला तरी दचकू नका. १,८०० मध्ये विमाही धरला असेल तर १,३५० ची गाडी परवडणार नाही, हे मी स्पष्ट सांगते. थर्ड पार्टीच स्वस्त असेल असं गृहीत धरू नका, पुष्कळदा कॉम्प्रिहेन्सिव्हच कमी निघतो. दोन्ही बघा. वापर लिहिताना 'कम्यूटिंग' निवडायचंच, कारण तो कामावर जाणार आहे. जेवणाची डिलिव्हरी करणार असेल तर त्याला निराळा विमा लागतो. बरीच वर्षं तिथलं लायसन्स असलेला घरातला सोबती दुसरा चालक म्हणून खरंच चालवणार असेल तर घालावा, हप्ता कधी कधी उतरतो. पण मुख्य चालक म्हणून त्याचं नाव लावून गाडी मुलाने चालवायची, हा गुन्हा आहे आणि विमा रद्द होतो.

रोड टॅक्स गाडीबरोबर येत नाही. जुन्या मालकाचा तिथेच संपतो, नव्याने लगेच भरायचा. व्ही-५-सीतली हिरवी चिठ्ठी मिळते, तिच्यावरच्या १२ आकड्यांनी ऑनलाइन भरता येतो. विमा, टॅक्स, एमओटी तिन्ही झाल्याशिवाय गाडी त्या दारातून हलवायची नाही. रस्त्यावरचे कॅमेरे नंबरप्लेट वाचतात, बिनविम्याला ३०० पौंड दंड, लायसन्सवर सहा गुण, वर गाडी जप्त.

वृंदा_राजेंद्रनगर

सगळ्यांचे मनापासून आभार. बारा महिन्यांचं आम्हाला माहीतच नव्हतं, प्रोव्हिजनलचा अर्ज त्याने आज केला. एमओटीत हे निघालं. २०२३: ६४ हजार मैल, पास, 'मागचा ब्रेक पाइप गंजलेला'. २०२४: ७१ हजार, पास, 'मागचा ब्रेक पाइप गंजलेला, पुढची सबफ्रेम गंजलेली पण फार कमकुवत नाही'. २०२५: ७७ हजार, पास, काहीच शेरा नाही. शेवटचं चांगलं दिसतंय ना?

गिअरदांडा

मैल सरळ वाढलेत, मीटर ठीक. पण ताई, मला शेवटचंच वर्ष खटकतं. गंज आपोआप बरा होत नाही. दोन वर्षं लिहिलेला पाइप आणि सबफ्रेम तिसऱ्या वर्षी गायब झाले म्हणजे एक तर ते बदलले, नाहीतर खालून काळा अंडरसील (गंज रोखणारा लेप) फासला आणि तपासणाऱ्याला खालचं दिसलं नाही. विकणाऱ्याला विचारा: ब्रेक पाइप आणि सबफ्रेमच्या कामाचं बिल आहे का? असेल तर गाडी पाहण्यासारखी आहे. नसेल आणि खाली ताजा काळा थर दिसला, तर सोडून द्या. सबफ्रेम बदलायला या गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा जाईल.

जुनी_इंजिनं (सुदामानगर)

सहमत. दुसरी बघायचीच झाली तर २००८ ते २०१३ ची ह्युंदाई आय-१० बघा, तीही भारतातलीच, चेन्नईची आहे. १.२ घ्यायची, तिला चेन आहे. १.१ ला पट्टा आहे, सँट्रोसारखा. तो बदलल्याचं बिल नसेल तर पट्ट्याचा खर्च किमतीतून कमी करून मगच भाव बोलायचा.