जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर घरी बदलता येतो का?

कोथरूडकर: माझा थिंकपॅड टी४२० लॅपटॉप, आय५-२५२०एम प्रोसेसर आहे, रॅम एसएसडी सगळं टाकून झालं तरी रडतोय. पुण्याच्या तापकीर गल्लीत (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) एकजण म्हणाला अख्खा मदरबोर्डच बदला. नुसता प्रोसेसर बदलता येईल का?

स्क्रूवाला: येतो की! जी२ सॉकेट आहे, म्हणजे चिप खाचेत बसवलेली, बोर्डाला सोल्डर नाही. पंखा काढला की चपटा स्क्रू दिसेल, तो अर्धा फिरवला की चिप सरळ वर उचलायची, पिना वाकवू नका. आय७-२६३०क्यूएम टाकलात तर २ऐवजी ४ कोर (काम करणारे भाग) मिळतील पण ३५ऐवजी ४५ वॅट, म्हणजे मांडीवर शेगडीच.

पेठेतला: यू सिरीजवाल्यांनी (प्रोसेसरच्या नंबराशेवटी यू असलेल्यांनी) मात्र हे वाचून उघडू नका, ती चिप बोर्डालाच सोल्डर असते. मी उघडून बसलो, एक स्क्रू अजून सोफ्याखाली आहे.

कोथरूडकर: बरं, आधी थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलून बघतो मग.