वळणात आधी काय टेकलं? क्रूझर चालवणाऱ्यांचे अनुभव हवे आहेत

ठाणे, वसंत विहार (मिटिऑर ३५०, म्हणजे क्रूझर: सीट खाली, पाय पुढे ठेवून चालवायची बाइक)

गेल्या रविवारी सकाळी साडेसहाला येऊरहून उपवनकडे उतरत होतो. रस्ता कोरडा, वेग चाळीसच्या आसपास. डावीकडच्या एका वळणात बुटाखाली एकदम खर्रर्र झालं. असा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. गाडी गेली असं वाटलं, हाताने थ्रॉटल (रेस) सोडला, गाडी आपोआप सरळ झाली आणि मी थेट समोरून येणाऱ्यांच्या बाजूला गेलो. समोरून चढत येणाऱ्या टेम्पोवाल्या दादांनी वेळेवर ब्रेक मारला म्हणून आज हे लिहितो आहे.

घरी येऊन खाली वाकून पाहिलं. डाव्या फूटरेस्टच्या खालचा छोटा बोल्ट घासून चकाकत होता, बाकी कुठे ओरखडासुद्धा दिसला नाही. गाडी व्यवस्थित वळत होती. वळण मी सोडलं.

दोन वर्षं ही गाडी चालवतो आहे, पण ती किती कलते आणि कुठे टेकते हे मला ठाऊकच नव्हतं. म्हणून विचारतो: तुमच्या गाडीचा कोणता भाग आधी टेकला, कुठे टेकला आणि त्यानंतरच्या क्षणी तुम्ही काय केलंत? कोण गाडी किती कलवतो याची चढाओढ इथे नको. घाबरलेले, पडलेले, थोडक्यात वाचलेले, सगळ्यांनी लिहा.

कळवा (गॅरेज चालवतो)

दादा, तो बोल्ट त्याच कामासाठी असतो. त्याला फीलर म्हणतात. फूटरेस्ट बिजागरीवर असते, जमिनीला लागली की वर आणि मागे दुमडते. म्हणजे गाडी तुम्हाला सांगते की आता पुरे. खरी भीती त्याच्यानंतर जे टेकतं त्याची. सायलेन्सर, स्टँड, लेगगार्ड यातलं काहीच दुमडत नाही. ते रस्त्यावर टेकलं की गाडीचं वजन त्याच्यावर जातं, टायर उचलला जातो आणि माणूस घसरतो.

माझ्याकडे येणाऱ्या क्रूझरपैकी बऱ्याच गाड्यांचे फीलर कोणीतरी काढून टाकलेले असतात. झिजला, खराब दिसतो, म्हणून काढला. मग गाडीची जीभच कापल्यासारखं होतं. दुसरी गोष्ट बाहेरून लावलेल्या लेगगार्डची. गाडी आडवी पडली तर पाय वाचतो, त्याबद्दल वाद नाही. पण खाली आणि बाहेर पसरलेला गार्ड घेतला तर फूटरेस्टच्या आधी तोच टेकतो. तुमच्या गाडीला असा गार्ड आहे का, ते आधी बघा.

आणि मागे माणूस बसवून घाटात जाणार असाल तर शॉकअपची खाच वाढवा, म्हणजे स्प्रिंग घट्ट होते आणि वजनाने गाडी कमी बसते. पान्याने दोन मिनिटांचं काम आहे. आपल्याकडे गाडी विकेपर्यंत त्या खाचेला कोणी हात लावत नाही.

वाशी (ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, गाडी ६५० सीसी)

कळव्याच्या मित्राने शॉकअपचं सांगितलं ते मी मोजून पाहिलं आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी गाडीवर बसलो आणि मुलाने टेप धरला. फूटरेस्टचं टोक गाडीच्या मधल्या रेषेपासून ३८ सेंटिमीटर बाहेर, जमिनीपासून २३ सेंटिमीटर वर. उंचीला अंतराने भागलं की कोनाचा टँजंट मिळतो, त्यावरून गाडी किती कलली की फूटरेस्ट टेकेल तो कोन निघतो, ३१ अंश. मग पत्नी मागे बसली, गाडी २ सेंटिमीटर खाली गेली, कोन झाला २९. टायर गोल असल्यामुळे खरा आकडा थोडा वेगळा येईल, पण अंदाज बांधायला एवढं पुरतं.

आता हा कोन खर्च किती लवकर होतो ते पाहा. २० मीटर त्रिज्येचं वळण घ्या, घाटातल्या आवळलेल्या वळणासारखं. ताशी ३० किलोमीटरला गाडीला साधारण २० अंश कलावं लागतं. ४० ला ३२ अंश. ५० ला ४४ च्या वर. वेग थोडासा वाढतो, पण गरज वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणजे माझी गाडी तिशीत निवांत आणि चाळिशीत टेकलेली. मधले हे १० किलोमीटर स्पीडोमीटरवर बघताना किती क्षुल्लक वाटतात! याउलट नवी मुंबईतल्या पाम बीच रस्त्यासारखं लांब वळण ३०० मीटर त्रिज्येचं धरलं तर ताशी ६० लाही जेमतेम साडेपाच अंश पुरतात. तिथे वर्षानुवर्षं गाडी चालवणाऱ्याला आपली गाडी कुठे टेकते हे कळतच नाही.

क्रूझरची अडचण दुहेरी आहे. बूड खाली आणि फूटरेस्ट पुढे, म्हणून कलायला जागा कमी. शिवाय वजन खाली आणि मागचा टायर रुंद असल्यामुळे त्याच वळणात त्याच वेगाने तिला उंच, अरुंद टायरच्या गाडीपेक्षा थोडं जास्तच कलावं लागतं. हार्ले-डेव्हिडसन आपल्या गाड्यांच्या तपशिलात डाव्या आणि उजव्या बाजूचा कोन वेगवेगळा छापते. बहुतेक गाड्यांचे आकडे पंचविशीपासून तिशीच्या थोडं पुढपर्यंत असतात. मोटोजीपी शर्यतीतले स्वार ६० अंशांच्या पुढे जातात ते बघून आपल्या गाडीचा अंदाज करू नका.

एक सूचना विद्यार्थ्यांनाही देतो. चालत्या गाडीवर फोनचं लेव्हल अ‍ॅप लावून कोन मोजू नका. वळणात गुरुत्वाकर्षण आणि बाहेर ढकलणारा जोर मिळून जे बळ होतं ते गाडीच्या उभ्या रेषेतूनच जातं, त्यामुळे फोनला गाडी जवळजवळ सरळच वाटते.

खारघर (अ‍ॅव्हेंजर २२०, सहा वर्षं)

माझी उंची पाच फूट. दोन्ही पाय पूर्ण टेकतील अशी गाडी शोधताना अ‍ॅव्हेंजरवर बसले आणि तिथेच ठरवलं. सीट खाली आहे म्हणून सिग्नलला निर्धास्त उभी राहते. हाच खालपणा वळणात परत द्यावा लागतो, हे पुढे कळलं.

माझं टेकणं वेगात झालं नाही. आमच्या सेक्टरमध्ये यू-टर्न घेताना मी गाडी आवळून वळवली आणि स्टँडकडची बाजू पेव्हर ब्लॉकच्या उचललेल्या कडेला लागली. वेग दहासुद्धा नसेल. तोल गेला, गाडी पडली, मला काही झालं नाही. तेव्हापासून रस्त्याची उंची पण हिशेबात धरते. गाडी किती कलते हे सपाट रस्त्यावरचं गणित झालं. आपल्या वळणांच्या आतल्या कडेला चेंबरचं झाकण असतं, डांबराचा उंचवटा असतो, कधी खडी. तो भाग गाडीच्या दिशेने वर येतो आणि तुमचे अंश तिथेच संपतात.

वाशीचे सर, तुमचं टेपचं गणित मी या रविवारी माझ्या गाडीवर करून बघणार आहे.

मुंब्रा (आता दिवा)

मी पडलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

जूनचा दुसरा आठवडा, पाऊस नुकताच सुरू झालेला. मुंब्रा बायपासने कळव्याकडे येत होतो. त्या रस्त्यावर दिवसरात्र कंटेनर आणि ट्रेलर असतात, डोंगराच्या कडेने वळणं आहेत आणि डिझेल कुठे सांडलंय ते पावसात दिसत नाही. उन्हाळ्यात त्याच वळणावर माझी फूटरेस्ट एकदोनदा घासली होती. त्यामुळे डोक्यात पक्कं बसलं होतं, आवाज येईपर्यंत आपण सुरक्षित. त्या दिवशी आवाज आलाच नाही. मागचा टायर न सांगता गेला. मी आणि गाडी दोघंही रस्त्यावर, मागचा ट्रेलर पन्नास पावलांवर थांबला. खांद्याचं हाड मोडलं, तीन महिने घरी.

पडून राहिल्यावर विचार करायला वेळ मिळाला. फूटरेस्टचा इशारा कोरड्या रस्त्यासाठी आहे. कोरड्या डांबरावर टायर जितकं धरतो त्याच्या बरंच आधी फूटरेस्ट टेकते, म्हणून तो इशारा कामाचा. ओल्या, तेलकट रस्त्यावर टायरची पकडच आधी संपते. सर बरोबर आकडा सांगतील.

गाडीला एबीएस होतं. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून ते सक्तीचंच आहे. पण साध्या एबीएसला गाडी कललेली आहे हे कळत नाही. ते ब्रेक मारल्यावर चाक अडकू देत नाही, बाजूला घसरणाऱ्या टायरला ते काय करणार? आणि मी तर ब्रेक लावलाच नव्हता.

आता पावसाळ्यात मी ते वळण गाडी जवळजवळ उभी ठेवून घेतो. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत.

वाशी

मुंब्र्याच्या दादांचं अगदी बरोबर. ओल्या गुळगुळीत पृष्ठभागावर घर्षणाचा गुणक ०.४ पर्यंत उतरला तर साधारण २२ अंशांनाच टायर सुटतो. माझी फूटरेस्ट ३१ ला टेकते. म्हणजे इशारा देणारी वस्तू अपघाताच्या ९ अंश पलीकडे बसली आहे. मी हे वर लिहायला हवं होतं. खांदा आता कसा आहे?

मुंब्रा (आता दिवा)

हात डोक्याच्या वर जातो आता. धन्यवाद सर.

ठाणे, पाचपाखाडी (मागे बसणारी)

मी गाडी चालवत नाही, मागे बसते. माळशेजला जाताना एका वळणात माझ्या बाजूची फूटरेस्ट घासली आणि मी घाबरून उलट्या बाजूला झुकले. नवऱ्याला गाडी अजून कलवावी लागली. पुढे चहाला थांबलो तेव्हा त्याने समजावलं की मी बाहेर झुकले तर तेवढं वजन गाडीला आत झुकून भरून काढावं लागतं. तेव्हापासून मी त्याच्या आतल्या खांद्यावरून पुढे बघते, शरीर आपोआप बरोबर राहतं. मागे बसणाऱ्याला हे निघायच्या आधी सांगा. मला तो घाट अर्धा झाल्यावर कळलं.

नेरूळ (वय ६१, चाळीस वर्षं बाइकवर)

सगळ्यांचं वाचलं. ठाण्याच्या मित्रा, तुझ्या त्या क्षणाबद्दल बोलतो, कारण बाकीच्यांनी गाडीबद्दल पुष्कळ सांगितलं आहे.

आवाज आला की हात थ्रॉटल सोडतो, ही माणसाची जात आहे. पण थ्रॉटल एकदम सोडला की गाडी पुढून खाली बसते, आणि आधीच कमी असलेली उंची आणखी कमी होते. पुढचा ब्रेक दाबला तर आणखीच. म्हणून थ्रॉटल आहे तिथे धरायचा, आणि कमरेपासून वरचं शरीर वळणाच्या आत न्यायचं, जणू आतल्या आरशाला नमस्कार करायचा आहे. क्रूझरवर पाय पुढे असल्यामुळे सीटवरून सरकता येत नाही, पण छाती आत नेता येते. तेवढ्याने गाडी दोनतीन अंश उभी होते आणि फूटरेस्ट सुटते. नजर वळणाच्या शेवटी. तू टेम्पोकडे बघितलंस म्हणून टेम्पोकडे गेलास.

आणि डावीकडे वळायचं तर डावा हँडल पुढे ढकलायचा. अनेक वर्षं चालवणाऱ्यांनाही हे सांगितलं की खोटं वाटतं. रिकाम्या सरळ रस्त्यावर ताशी ४० ला हलकेच ढकलून बघ.

तरी हे सगळं वेळ आल्यावरचं झालं. खोपोलीहून शिंग्रोबाच्या देवळावरून जाणारा जुना घाट मी क्रूझरवर कितीदा चढलो याची मोजदाद नाही, पण फूटरेस्ट टेकलेली मला चारदाच आठवते. वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना कमी करतो. मग आत कितीही आवळलेलं निघालं तरी हातात काही अंश शिल्लक असतात.

ठाणे, वसंत विहार

काका, टेम्पोकडेच बघत होतो. हे मी वर लिहिलं नव्हतं, तुम्ही ओळखलंत.

काल दोन गोष्टी केल्या. लेगगार्ड काढून पाहिला. त्याच्या डाव्या कोपऱ्यावर खाली ताजा ओरखडा आहे, म्हणजे त्या दिवशी बोल्टच्या पाठोपाठ तोही टेकला होता. अजून एखादा अंश कललो असतो तर काय झालं असतं, ते कळव्याच्या दादांनी लिहिलंच आहे. आता आत बसणारा अरुंद गार्ड शोधतो आहे. आणि पत्नीला मागे बसवून टेप धरला, शॉकअप दोन खाचा वाढवला, पुन्हा धरला. दीड सेंटिमीटर परत मिळाला.

खारघरच्या ताई, तुमचा आकडा आला की लिहा. अ‍ॅव्हेंजरचा मला हवा आहे, धाकटा भाऊ तीच घेणार आहे.

खारघर

मोजला. एकटी बसले तेव्हा डावी फूटरेस्ट ३० अंश. पण स्टँडचं टोक त्याच्या आधी, २८ ला टेकतं. स्टँडची स्प्रिंग सैल होऊन तो खाली लोंबत होता. सहा वर्षांत कधी बघितलं नव्हतं. उद्या सकाळी बदलून घेते, मग पुन्हा मोजते. भावाला सांगा, गाडी घेतल्या दिवशीच स्टँडखाली वाकून बघ.