मदत हवी आहे: पाणी लागलं की बझर वाजतो, पण मोटर फिरत नाही

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी सहावीत आहे. तिच्याकडे लहान मुलांचं इलेक्ट्रॉनिक्स किट आहे, टिचकन बसणाऱ्या तुकड्यांचं. शाळेच्या प्रदर्शनासाठी तिने दुतोंड्या मारुतीचं, म्हणजे ज्या मूर्तीवरून नाशकात गोदावरीच्या पुराची पातळी सांगतात तिचं, मॉडेल करायला घेतलंय. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशकात जो तो विचारतो, "मारुतीच्या कुठपर्यंत आलं?" तेच तिला सर्किटमध्ये दाखवायचंय. पाणी पायाला लागलं की एलईडी, कमरेला आलं की बझर, आणि छातीपर्यंत चढलं की मोटरवरची लाल चकती गरगर फिरायला हवी.

एलईडी आणि बझर छान चालतात. दोन तारा पाण्यात बुडतात, त्यातून एनपीएन ट्रान्झिस्टरच्या (थोड्या करंटने मोठा करंट चालवणारा भाग; त्याचे तीन पाय बेस, कलेक्टर, एमिटर) बेसला करंट मिळतो आणि बझर वाजतो. पण बझरच्या जागी मोटर लावली की ढिम्म! पाण्यात मीठ घातलं तर बोटाने ढकलल्यावर जरा फिरते आणि थांबते. हीच मोटर थेट सेलना जोडली की सुसाट पळते, म्हणजे मोटर ठीक आहे. दोन पेन्सिल सेल आहेत, अल्कलाइन, नवीन.

आणखी एक. प्लसकडच्या तांब्याच्या तारेवर थोड्या वेळाने हिरवट थर चढतो आणि मायनसकडच्या तारेवर बारीक बुडबुडे येतात. हे कशाने?

बाजारातून तयार सेन्सर मॉड्यूल आणून जोडायचं नाहीये. परीक्षकांनी विचारलं तर तिला स्वतःला उत्तर देता आलं पाहिजे, म्हणून कारणासकट सांगितलंत तर फार बरं होईल.

सातपूरकर: ताई, मुलीचं डोकं चांगलं चालतंय. आधी कारण सांगतो. नळाच्या पाण्यातून बेसला मिळणारा करंट फारच थोडा असतो, मिलिअँपिअरचा दहावा हिस्सा धरा. ट्रान्झिस्टर तो दोनशेपट करतो असं मानलं तरी वीस मिलिअँपिअरच झाले. एलईडी आणि छोट्या बझरला तेवढे पुरतात. खेळण्यातली मोटर नुसती फिरायलाच शंभर-दोनशे मिलिअँपिअर घेते, आणि जागची हलताना त्याच्या कितीतरी पट. फिरायला लागली की ती स्वतःच उलटा व्होल्टेज तयार करते, त्यामुळे करंट उतरतो. म्हणून तुम्ही ढकललं की तिला थोडी मदत होते.

उपाय म्हणजे दोन ट्रान्झिस्टर एकापुढे एक, डार्लिंग्टन जोडी. पहिल्याने वाढवलेला करंट दुसरा पुन्हा वाढवतो. पहिला बीसी५४७, दुसरा बीडी१३९. पहिल्याचा एमिटर दुसऱ्याच्या बेसला. दोघांचे कलेक्टर एकत्र करून मोटरच्या एका टोकाला, मोटरचं दुसरं टोक प्लसला. दुसऱ्याचा एमिटर मायनसला. प्लसकडून पाण्याच्या तारेत १० किलोओहमचा रेझिस्टर टाका, म्हणजे दोन तारा चुकून चिकटल्या तरी ट्रान्झिस्टर जळणार नाही. या जोडीतच जवळपास एक व्होल्ट जातो, तेव्हा दोनऐवजी तीन सेल घ्या.

हिरवा थर म्हणजे इलेक्ट्रोलिसिस. डीसी करंटने प्लसकडचं तांबं पाण्यात उतरतं, मायनसवर हायड्रोजन सुटतो. तांब्याऐवजी पेन्सिलीचं शिसं वापरा, दोन्ही टोकं सोलून. आणि प्रदर्शनात कुणी कितीही आग्रह केला तरी सेलऐवजी घरच्या प्लगचा अ‍ॅडॉप्टर लावू नका. तिथे पाणी आहे, लहान मुलं हात घालणार.

धागाकर्ती: दादा, मनापासून आभार! वीस मिलिअँपिअरचा हिशेब तिने लगेच वहीत मांडला. तिचा प्रश्न: मोटरवर डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावतात असं तिने वाचलंय, तो इथे लागेल का? आणि कुठल्या बाजूने?

सातपूरकर: लागेल, लावाच. पाणी उतरून मोटर बंद होते त्या क्षणी तिच्या गुंडाळ्यातून उलटा झटका येतो, तो ट्रान्झिस्टरवर जाऊ नये म्हणून. १एन४००७ चालेल. मोटरच्या दोन टोकांवर आडवा जोडा, पांढरा पट्टा प्लसकडे. उलटा लागला तर पाणी चढल्यावर करंट मोटरऐवजी डायोडमधूनच जाईल आणि ट्रान्झिस्टर तापेल, म्हणून सेल बसवण्याआधी तिलाच पट्टा तपासायला सांगा.