अनुभव धागा: रीसेल फ्लॅट विकण्याआधी सजवायचा की नुसता नीटनेटका करायचा?

रंग, पडदे, भाड्याचं फर्निचर यांवर पैसे घालावेत का, हे या व्यवहारातल्या मंडळींनी मापं आणि कारणांसकट लिहावं.

रीसेल एजंट
आधी सोसायटीची दिशा बघा. पुनर्विकासाची बोलणी पुढे गेली असतील तर सजावटीवर रुपयाही घालू नका. तिथे गिऱ्हाईक कार्पेट एरिया, पार्किंग आणि बिल्डरचा प्रस्ताव बघतं.

राहत्या घरात मुख्य काम सामान कमी करण्याचं. दार पूर्ण उघडलं पाहिजे आणि खिडकीपर्यंत सरळ जाता आलं पाहिजे. माळाही आवरा, लोक तो हमखास उघडून बघतात. रिकाम्या वन बीएचकेत वेगळीच अडचण येते: बेडरूममध्ये पलंग मावेल का, हे नजरेला कळत नाही. त्यासाठी फर्निचर भाड्याने आणायची गरज नाही. फरशीवर मास्किंग टेपने ५ बाय साडेसहा फुटांचा चौकोन आखा, कपाटासाठी दोन फूट खोलीची पट्टी आखा. घेणारा स्वतःच त्याभोवती फिरून बघतो. भाड्याचं फर्निचर मोठ्या, महागड्या, रिकाम्या फ्लॅटलाच परवडतं. तिथेही किमान मुदत, डिपॉझिट आणि सामान चढवण्या-उतरवण्याचे सोसायटीचे पैसे आधी विचारून घ्या.

रंगकाम कंत्राटदार
ओल असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा. लोणा (ओलीमुळे फुटणारे पांढरे क्षार) आलेल्या भिंतीवर पुट्टी मारून रंग लावला की पैसे वाया गेलेच. भिंतीतलं पाणी क्षार बरोबर घेऊन पृष्ठभागाकडे येतं, पाणी उडून जातं, क्षारांचे खडे होतात आणि तेच पुट्टीला आतून ढकलतात. पापुद्रा सुटतो तो असा.

पाणी येतंय कुठून ते आधी शोधा. वरच्या बाथरूमवर संशय असेल तर वरच्या मंडळींच्या परवानगीने नहाणी ट्रॅप (फरशीवरचं पाणी जायचं जाळीचं तोंड, ज्यात थोडं पाणी साठून राहतं) बंद करून फरशीवर इंचभर पाणी २४ तास साठवा आणि खालचा डाग वाढतो का बघा. गळती बंद झाल्यावर पोकळ प्लास्टर काढून नवं करा आणि पुरतं सुकू द्या. मग फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी भिंतीला चिकटवून २४ तास ठेवा. आतून दव धरलं तर अजून थांबा. कोरडा निघाला तर पुट्टीचे दोन पातळ हात, पॉलिश पेपर, प्राइमर आणि फिक्या रंगाच्या इमल्शनचे दोन हात. ऐन पावसाळ्यात हे काम काढू नका.

एकच भिंत कोरी करकरीत रंगवू नका, घेणाऱ्याला तिथेच शंका येते. आणि ओल माहीत असेल तर सांगून टाका. घेणाऱ्याला साध्या पाहणीत न दिसणारा, पण विकणाऱ्याला ठाऊक असलेला मोठा दोष उघड करणं मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार बंधनकारक आहे.

प्लंबर
बंद फ्लॅटमध्ये शिरताच वास येतो, कारण नहाणी ट्रॅपमधलं पाणी आटलेलं असतं. ते पाणी वास अडवतं; ते आटलं की ड्रेनेजचा वास आणि झुरळं तिथून वर येतात. आठवड्यातून एकदा प्रत्येक ट्रॅपमध्ये अर्धी बादली पाणी ओता, कमोड फ्लश करा. ठिबकणारा नळ अख्खा बदलण्याआधी स्पिंडल (नळाच्या आतला फिरणारा भाग) बदलून बघा. उदबत्ती आणि रूम फ्रेशनरने वास दबतो, जात नाही.

बँक व्हॅल्युअर
मूल्यांकनात सोफा, पडदे धरले जात नाहीत. हॉल मोठा दिसावा म्हणून भिंत पाडणं किंवा बाल्कनी आत घेणं मात्र महागात पडतं. मंजूर नकाशाशी जुळलं नाही की घेणाऱ्याचं कर्ज अडकू शकतं.

करसल्लागार
रंग आणि डागडुजीचा खर्च भांडवली नफा काढताना सुधारणा खर्च म्हणून वजा होत नाही, कारण तो भांडवली स्वरूपाचा नसतो. विक्रीसाठी दिलेली दलाली वजा होते, तिची पावती जपून ठेवा. रंगाचं बजेट ठरवताना करसवलत हिशेबात धरू नका.