कॅन्सरच्या ऑपरेशनला सव्वा वर्ष झालं, खांदा अजून दुखतो, फिजिओथेरपीने फरक पडतो का?

अमळनेरची_ताई
नमस्कार. वय 51, अमळनेरजवळच्या खेड्यात राहते. डाव्या बाजूचं ब्रेस्टचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी पण काढल्या, मग केमो, मग 15 लाईट म्हणजे रेडिएशन, आता कॅन्सर परत येऊ नये म्हणून रोजची लेट्रोझोलची गोळी चालू आहे. रिपोर्ट सगळे चांगले. पण खांदा काही सरळ होत नाही. हात कानापर्यंत जात नाही, मागे हूक असलेले ब्लाऊज सगळे देऊन टाकले, रात्री डाव्या कुशीवर वळलं की जाग येते. हात वर न्यायला गेलं की काखेपासून कोपरापर्यंत काहीतरी ताणतं आणि दंडाच्या आतली बाजू बधिर, मधेच तिथे चटका बसल्यासारखं होतं.

परवा खापरावरचे मांडे करायला बसले, पोळी दोन्ही हातांवर झेलत झेलत मोठी करतात ना, तर डावा हात वर उचलेचना, पोळी फाटली आणि पुरण सगळं मांडीवर. सून काही बोलली नाही पण मलाच रडू आलं.

ऑपरेशन झालं तिथे विचारलं तर म्हणे एवढं राहणारच. गावातल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, नॉर्मल, दुखण्याच्या गोळ्या दिल्या. सुट्टी देताना व्यायामाचा कागद दिला होता पण तो इंग्रजीत, फाईलमध्येच राहिला. सासूबाई म्हणतात राहू दे व माय, त्या हाताने काही करू नको. आता एवढ्या उशिरा फिजिओथेरपीचा उपयोग होतो का? कोणी केली आहे का?

भुसावळकर_मावशी
ताई तू माझंच लिहिलंस की काय असं वाटलं. माझं उजव्या बाजूचं, 4 वर्षं झाली. मी पण सहा महिने हात पोटाशी धरून बसले होते, कोणी आलं की लगेच "जपा हं हात" आणि मी जपत गेले आणि तो आखडत गेला. काखेत हात घालून बघ, बाजेची सुतळी ताणल्यासारखी दोरी लागते का? माझ्या तशा दोन होत्या, पार कोपराच्या खालपर्यंत. फिजिओवाल्या मॅडमने सांगितलं याला कॉर्डिंग म्हणतात, आणि हळूहळू हाताने ताणून ताणून ती मोकळी केली, आठ-दहा वेळा जावं लागलं असेल. घरी भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची, जिथपर्यंत गेली तिथे पेन्सिलने रेघ. आमच्या फ्रिजमागच्या भिंतीवर अजून त्या रेघा आहेत, रंग दिला तेव्हा मी पुसू दिल्या नाहीत. कधी आठवडाभर रेघ हलायचीच नाही, त्याचं टेन्शन घेऊ नकोस.

चोपड्याचा_शेतकरी
आमच्या इकडे एक मालिशवाले आहेत, खांदा उतरला आखडला तर गरम तेल लावून एका झटक्यात मोकळा करतात. पाठवू का पत्ता

भुसावळकर_मावशी
भाऊ राग मानू नका पण झटका देणाऱ्याकडे अजिबात नको. काखेतल्या गाठी काढलेला हात आहे, सुजला तर ती सूज जन्माची.

फिजिओ_धुळे
मावशी बरोबर बोलल्या. ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, तपासल्याशिवाय नक्की सांगता येत नाही, पण तुमच्या लिहिण्यात मला एकच दुखणं दिसत नाही. ताणतं ते बहुतेक कॉर्डिंग. ऑपरेशन आणि रेडिएशनने छातीचा स्नायू आखडतो, खांदा पुढे ओढला जातो, पाठीचं पातं नीट फिरत नाही आणि मग हात वर नेताना खांद्यात अडतं. एक्स-रेमध्ये यातलं काही दिसत नाही. बधिरपणा आणि चटका वेगळा, काखेतून जाणारी बारीक नस ऑपरेशनमध्ये दुखावते त्याचा. तो व्यायामाने पूर्ण जाईल असं नाही, त्याला वेगळी गोळी असते, तुमच्या डॉक्टरांना विचारा. लेट्रोझोलने पण सांधे दुखतात, पण ते सहसा दोन्हीकडे आणि सकाळी जास्त.

कोपर कमरेला चिकटवून काटकोनात धरा आणि पंजा बाहेरच्या बाजूला वळवा. दुसऱ्याने हलका ढकलूनही वळत नसेल तर फ्रोझन शोल्डर, म्हणजे खांद्याचा सांधाच आखडलेला, असू शकतो, त्याला वेळ जास्त लागतो. शुगर आहे का तेही बघा.

तुमचं कागदाचं वाचून आठवलं. ब्रिटनमध्ये 392 बायकांवर केलेला अभ्यास 2021 मध्ये छापून आला, त्यात एका गटाला नुसतं छापील माहितीपत्रक आणि दुसऱ्या गटाला ऑपरेशननंतर आठवडा-दहा दिवसांत फिजिओने स्वतः व्यायाम शिकवले. वर्षाने दुसऱ्या गटाचा हात जास्त चांगला चालत होता. म्हणजे चूक तुमची नाही. तुम्हाला उशीर झालाय, पण सव्वा वर्षाने पण फरक पडतो, मी बघितलाय.

बधिर जागेवर गरम पिशवी ठेवू नका, भाजलेलं कळत नाही. फिजिओकडे गेल्यावर कोणतंही मशीन लावायच्या आधी कॅन्सरचं आणि रेडिएशनचं सांगा. आणि दुखणं अचानक वाढलं, पडून असतानाही रात्रभर थांबत नसेल, पंजाची ताकद गेली, हात सुजून लाल झाला किंवा ताप आला, तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांकडे जा, फिजिओ नंतर.

अमळनेरची_ताई
सगळ्यांचे आभार. उशिरा लिहिते. आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवून घेतलं, मग धुळ्याला फिजिओकडे जायला लागले, बायकांना एसटीचं अर्धं तिकीट त्यामुळे आठवड्यातून दोनदा परवडतं. तीन आठवडे झाले. कॉर्डच निघाली, दोन, आणि छातीचा स्नायू दगडासारखा. फ्रोझन नाही म्हणाल्या. लाटणं दोन्ही हातांत धरून झोपून वर न्यायचं, दाराच्या चौकटीत उभं राहून छाती ताणायची, पाती मागे जोडायची, दिवसातून तीनदा. पहिल्या आठवड्यात ठणका वाढला तर मी बंदच करणार होते, मॅडमनी फोनवर विचारलं की ठणका किती वेळ राहतो, म्हटलं अर्धा तास, तर म्हणे मग चालू ठेवा, दुसऱ्या दिवसापर्यंत राहिला तर कमी करू.

भिंतीवरची रेघ चार बोटं वर गेली. चटका आहे तसाच आहे, रात्रीची एक गोळी चालू केली आहे. सासूबाई आता स्वतःच विचारतात आज भिंत झाली का. अखाजीला झोक्याची दोरी डाव्या हाताने धरता येते का बघायचं. मांडे सध्या सूनच करते, तिचे पण फाटतात.